कर्णवेध : पाळीचा आणि कानाच्या वरच्या काठाचा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांविषयी आपण वरचेवर ऐकता आणि वाचता. म्हणून मी असा विषय निवडला आहे की, जो दिसावयास लहान असला तरी आपल्या ज्ञातीच्या परंपरागत व्यवसायाशी अगदी निगडित आहे. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण मराठी भाषेत रूढ झाली आणि तिचा अर्थ ‘ज्याचे काम त्यानेच करावे’ असा झाला. दुसऱ्या कोणत्या व्यवसायाला लोकभाषेने असे प्रशस्तिपत्र दिले असेल, असे मला वाटत नाही. परंतु प्रशस्तिपत्राबरोबर जबाबदारीही येत असते. ती जबाबदारी आज कोणत्या स्वरूपात आपल्यापुढे उभी आहे, तेवढेच सांगण्याचा माझा हेतू आहे.

आपल्याकडे मुलाचे कान बहुधा बारशाच्या सुमारास अथवा पुढे काही महिन्यांनी टोचतात. आई मूल मांडीवर घेऊन बसते, सोनार सोन्याची बारीक तार पाळीतून काढतो आणि तिला वेढा देतो. मूल रडते, घरातली माणसे हसतात, सोनाराला नारळ-तांदूळ व दक्षिणा मिळते. आठ-पंधरा दिवसांत कान सुकतो आणि त्या गोष्टीचा सर्वांना विसर पडतो. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आल्यामुळे ‘कान टोचणे म्हणजे काय मोठेसे’ अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत पाळीपुरती बव्हंशी खरी आहे. मात्र तीच समजूत कानाच्या वरच्या काठाला लावणे धोक्याचे आहे. आणि आजकाल नेमके तेच घडत आहे.

कानाच्या वरच्या भागात दागिना घालणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. आपली बुगडी तेथेच घालतात. पुरुषांची भिकबाळीही कानाच्या वरच्या भागातच असते. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातील लावणीने बुगडीचे नाव घरोघर पोचविले. तरीही मध्यंतरीच्या काळात हे दोन्ही दागिने पेटीतच राहिले. आता त्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. लग्नात नऊवारीबरोबर बुगडी हवी असते. ढोल-ताशाच्या पथकातील तरुणांना भिकबाळी हवी असते. महाविद्यालयातील मुलामुलींना तर कानाच्या काठावर एक सोडून तीन-तीन बारीक कड्या हव्या असतात. हौसेला माझा विरोध नाही. ज्या ज्ञातीचे पोट दागिन्यावर चालले, तिच्यात जन्मून तो असणे शोभणारही नाही. परंतु टोचणाऱ्याला आणि टोचून घेणाऱ्याला दोन्ही जागांतील भेद ठाऊक असला पाहिजे.

आपण सर्वांनी क्षणभर आपापल्या कानाला हात लावून पाहावा. खालची पाळी मऊ लागते. ती त्वचा, चरबी आणि तंतुमय भाग यांची बनलेली आहे. तिच्यात रक्ताचा पुरवठा चांगला असतो. बोट जसजसे वर सरकवाल, तसतसे आत काहीतरी ताठ आणि लवचिक लागेल. वाकविले असता ते वाकते आणि सोडले की पूर्ववत होते. ही कूर्चा होय. कानाला जो घाट आहे, तो या कूर्चेमुळे आहे. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण चिकटलेले असते आणि त्या आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. आवरण सुटले की तिचे अन्नच तुटले.

या एका गोष्टीतून पुढचे सारे निष्पन्न होते. पाळीत जंतू शिरले तर रक्तातील संरक्षक पेशी तेथे त्वरित धावून जातात. औषधही रक्तावाटे सहज पोचते. कूर्चेत जंतू शिरले तर ही मदत उशिरा आणि अपुरी पोचते. तेथे पू झाला तर तो आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये साचतो, आवरण वर उचलले जाते आणि खालची कूर्चा उपासमारीने काही दिवसांतच मरू लागते. एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत उगवत नाही. कानाचा वरचा भाग आक्रसतो, सुरकुततो आणि जन्मभर तसाच राहतो. पाळी फाटली तर ती भूल देऊन थोड्या वेळात शिवता येते. कानाचा वितळलेला काठ पुन्हा उभा करावयाचा तर शल्यवैद्याला बरगडीची कूर्चा काढून, ती कोरून, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तरीही मूळचा कान मिळतोच असे नाही.

या विकाराला डॉक्टर ‘पेरिकॉन्ड्रायटिस’ म्हणतात. तो करणाऱ्या जंतूंत ‘स्यूडोमोनास’ नावाचा जंतू प्रमुख आहे. त्याचे घर म्हणजे ओल. नळाची तोटी, हात धुण्याची मोरी, ओला स्पंज, फार दिवस उघडी पडलेली औषधी द्रावणाची बाटली, अशा जागी तो सुखाने नांदतो. दुसरी अडचण अशी की, घरोघर सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २००० साली जे घडले ते या बाबतीत फार बोधप्रद आहे. तेथील दागिन्यांच्या एका लहानशा विक्रीकेंद्रात ऑगस्ट व सप्टेंबर या दोन महिन्यांत ११८ व्यक्तींना मिळून १८६ छिद्रे पाडण्यात आली. त्यांपैकी ७ जणांना स्यूडोमोनासचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले आणि आणखी १८ जणांबाबत तसा संशय होता. सिद्ध झालेले सातही रुग्ण १० ते १९ वर्षे वयाचे होते. चौघांना रुग्णालयात ठेवावे लागले, चौघांवर शस्त्रक्रिया करून पू काढावा लागला, आणि कित्येकांच्या कानाला कायमचे व्यंग आले. पाळीपेक्षा वरच्या कूर्चेत टोचलेल्यांना संसर्ग होण्याचे प्रमाण अधिक आढळले. आरोग्याधिकाऱ्यांनी शोध केला तेव्हा तोच जंतू कोठे सापडला? जंतुनाशकाच्या बाटलीत आणि जवळच्या हात धुण्याच्या भांड्यात! ज्या बाटलीवर विश्वास ठेवावयाचा, तीच रोगाची वाहक ठरली. शिवाय बहुतेकांना आरंभी जी औषधे देण्यात आली, ती या जंतूवर निरुपयोगी होती. ही हकिगत दूर देशातली खरी. परंतु बाटली, मोरी आणि घाई या तिन्ही वस्तू आपल्या बाजारपेठेतही आहेत.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टींचा विचार केला नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधासंबंधीच आहे. सहाव्या अथवा सातव्या महिन्यात मुलाला मांडीवर बसवावे, कान ओढून सूर्यप्रकाशात पाहावा आणि जेथून प्रकाश आरपार दिसतो त्या निसर्गसिद्ध पातळ जागीच टोचावे, असे तेथे सांगितले आहे. भलत्या ठिकाणी शिरेला इजा झाल्यास ज्वर, सूज, वेदना असे उपद्रव होतात, हेही बजावले आहे. त्याच अध्यायात तुटलेले कान जोडण्याचे पंधरा प्रकार वर्णिले आहेत. म्हणजे टोचण्याची जागा पारखून घ्यावी आणि टोचल्यानंतर बिघडू शकते हे ध्यानात ठेवावे, या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेतल्याच आहेत. आज आपल्याला जंतू ठाऊक झाले आहेत, एवढीच त्यात भर.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू.

प्रथम टोचणाऱ्याने काय करावे ते सांगतो. तार अथवा सुई ज्योतीवर धरणे किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. उकळत्या पाण्यानेही सर्व जंतूंची बीजे मरत नाहीत. दाबाखालील वाफेच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर निदान १५ मिनिटे ठेवलेली, अथवा कारखान्यातून बंद पाकिटात आलेली व एकदाच वापरून टाकून देण्याची पोकळ सुई, हेच कूर्चेसाठी योग्य साधन होय. एकाची सुई दुसऱ्याला वापरणे तर सर्वथा वर्ज्य. कारण रक्तावाटे पसरणारी ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ अशाच मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. हात साबणाने धुवावे, नवे हातमोजे घालावे, रुग्णाचा कान जंतुनाशकाने स्वच्छ करून तो वाळू द्यावा.

हल्ली दुकानांतून स्प्रिंगची बंदूक वापरतात. तिने काम क्षणात होते, म्हणून गिऱ्हाईकही खूष असते. परंतु तिची खुंटी सुईसारखी तीक्ष्ण नसते. ती कूर्चेला कापण्याऐवजी चेंगरून फोडते आणि आवरणाला हिसका बसतो. शिवाय जिचे भाग प्लास्टिकचे आहेत, अशी बंदूक वाफेच्या यंत्रात घालता येत नाही. म्हणून कानाच्या वरच्या भागासाठी ती कदापि वापरू नये.

दागिन्याविषयी आपल्या सुवर्णकार बंधूंना मी काय सांगावे! तथापि वैद्यकाच्या दृष्टीने दोन शब्द बोलतो. ताज्या जखमेत मोत्यांची, खाचाखोचांची बुगडी घालू नये. खाचेत घाम आणि मळ साठतो. आरंभी गुळगुळीत, हलकी आणि सुजेला वाव राहील इतक्या लांबीची साधी दांडी असावी. फिरकी घट्ट आवळली तर ती सुजेबरोबर कातडीत रुतते. नकली दागिन्यांत, तसेच काही पांढऱ्या सोन्यात निकेल असते. त्याची एकदा का त्वचेला वावडी झाली, की ती बहुधा जन्मभर राहते. कानाला खाज, पाणी, पुरळ सुरू होते. म्हणून निकेल नसलेले चोख सोने किंवा टायटॅनियम हेच पहिल्या दागिन्यासाठी पत्करावे.

काही जणांनी वरचा कान टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मधुमेह आटोक्यात नसलेले, हृदयाच्या झडपांचा विकार असलेले, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे, प्रतिकारशक्ती उणावलेले आणि गर्भवती स्त्रिया हे ते होत. ज्यांच्या अंगावर अथवा ज्यांच्या घराण्यात जखमेचा वण फुगून गाठ होण्याची खोड आहे, त्यांनी तर हा मोह टाळावा. या गाठीला केलॉइड म्हणतात. ती जखमेची मर्यादा ओलांडून वाढते आणि कापून काढली तरी पुष्कळदा पुन्हा येते. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतली आहे की नाही, हेही सर्वांनी पाहावे.

आता टोचून झाल्यानंतरची निगा. माझ्या भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घरात हे काम त्यांच्याकडेच येते. पाळीची जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. कूर्चेच्या जखमेला चार महिन्यांपासून वर्षापर्यंत अवधी लागतो. वरून ती सुकलेली दिसली तरी आतून कच्ची असते. या संपूर्ण काळात दिवसातून दोन वेळा निगा करावी. हात साबणाने धुतल्याखेरीज कानाला लावू नयेत. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे पाणी उत्तम. ते नसेल तर पाणी चांगले उकळून निववावे आणि एक लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे एका पेल्याला पाव चमच्याहून किंचित अधिक, या बेताने स्वच्छ मीठ घालून ते रोज ताजे करावे. त्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाने खपली मऊ करून हलक्या हाताने पुसावी आणि कोरडे करावे. इतकेच पुरे.

काय करू नये याची यादी मात्र थोडी लांब आहे. दागिना फिरवीत बसू नये. ‘फिरविला नाही तर चिकटेल’ ही जुनी समजूत आहे, पण त्यामुळे आतली कोवळी त्वचा प्रत्येक वेळी फाटते. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नये. जंतूंबरोबर नव्या पेशीही जळतात. खोबरेल, कुंकू, चुलीतली राख यांपैकी काही लावू नये. हळदीचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु डब्यातली हळद स्वयंपाकासाठी असते, ती निर्जंतुक नसते. त्या कुशीवर निजू नये आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. डोक्याचे तेल, साबण आणि केस जखमेपासून दूर ठेवावे. शिरस्त्राण, कानावर बसणारी श्रवणयंत्रे आणि दूरध्वनी यांचा दाब पडू देऊ नये. जखम भरेपर्यंत तलाव, विहीर आणि नदी यांत पोहणे बंद ठेवावे.

येथे एक गोष्ट अगत्याने सांगतो. लग्न पंधरा दिवसांवर आले असता बुगडीसाठी कान टोचून घेणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. म्हणजे ओल्या जखमेवर हळदीचा लेप येणार, जागरणे येणार, मुंडावळ्या आणि केसांचे आकडे घासणार, आणि सासरी गेल्यावर कान दुखतो हे सांगण्याचा संकोचही येणार! ज्यांना टोचावयाचेच आहे, त्यांनी लग्नापूर्वी एक वर्ष आधी टोचावे. ज्यांना तितका अवधी नाही, त्यांच्यासाठी चापाची बुगडी आहे. ती नुसती दाबून बसते, छिद्र लागत नाही, आणि पाहणाऱ्याला भेद कळतही नाही.

आता माझ्या व्याख्यानातला सर्वांत महत्त्वाचा भाग. टोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडी लाली, पांढुरके पाणी येणे स्वाभाविक आहे. परंतु दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले, कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि जाड झाला, हात लावू देईना, हिरवट-पिवळा पू येऊ लागला अथवा ताप चढला, तर तो दिवस मावळू देऊ नये. हा विकार टोचल्यानंतर पहिल्या महिन्यात विशेषेकरून होतो. त्याची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे: वरचा कान सुजून लाल होतो, पण खालची पाळी जशीच्या तशी राहते, कारण पाळीत कूर्चाच नसते. ही खूण दिसताच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे. घरी उरलेल्या गोळ्या देऊ नयेत, शेक देत बसू नये, सुईने पू काढू नये. दागिना काढावा की ठेवावा हेही डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. कान केव्हा टोचला आणि कूर्चेत टोचला आहे, हे त्यांना आवर्जून सांगावे. त्यावरूनच योग्य प्रतिजैविकाची निवड होते. पू साचला असेल तर तो वेळीच काढावा लागतो. वेळेवर उपचार झाला तर कान बहुधा वाचतो. चार दिवसांच्या दिरंगाईने तो जातो.

आणि ही दिरंगाई का होते, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळदा मुले घरी न विचारता जत्रेत अथवा बाजारात कान टोचून येतात. आईबाप रागावतील म्हणून केस कानावर ओढून ती दुखणे लपवितात. रात्री उशीत तोंड खुपसून रडतात, पण बोलत नाहीत. वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, आपल्या घरातील मुलाला ‘माझा कान दुखतो’ हे निर्भयपणे सांगता आले पाहिजे. रागवावयाचे ते कान बरा झाल्यावर रागवा.

शेवटी, जे बंधू आजही पेढीवर बसून हे काम करतात त्यांच्यापुढे, आणि मंडळापुढे, मी तीन सूचना ठेवतो. पहिली, बाळाची पाळी टोचण्याची आपली परंपरा चालू ठेवावी, पण प्रत्येक मुलासाठी नवी निर्जंतुक सुई वापरून. दुसरी, वरचा कान टोचण्यास कोणी आले, तर वर सांगितलेली सर्व साधने नसता गिऱ्हाइकाला स्पष्ट नकार द्यावा आणि चापाची बुगडी किंवा भिकबाळी दाखवावी, अथवा डॉक्टरकडे पाठवावे. त्या दिवशीचे चार पैसे बुडतील. परंतु त्या घराण्याचा विश्वास पुढच्या पिढीपर्यंत टिकेल. तिसरी, निगेचे नियम आणि धोक्याची लक्षणे सोप्या मराठीत छापून मंडळाने एक लहानसे पत्रक काढावे आणि ते ज्ञातीतील प्रत्येक पेढीवर ठेवावे. टोचून झाल्यावर नारळाबरोबर ते कागदही गिऱ्हाइकाच्या हाती पडावे.

ज्याचे काम त्यानेच करावे, असे ती म्हण सांगते. आपले काम कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे ओळखणे, हाही कसबाचाच भाग आहे.